वेळ बघून

दिवाळी अंकांतून लोकांना घाबरवणं हा माझा धंदा आहे. माझ्या विज्ञानकथांमध्ये धरणांची दारं आपोआप उघडली आहेत, बियाण्यांनी बंड केलंय, आणि एका गोष्टीत तर इचलकरंजीच्या मागांनी एका पहाटे विणायलाच नकार दिलाय. संपादक दरवर्षी सांगतात, "हेमांगीताई, शेवट जरा अंगावर येऊ द्या." मी येऊ देते. लोक फराळ करता करता वाचतात, "बापरे" म्हणतात आणि दुसरी चकली उचलतात. माझी गोष्ट वाचून कुणी घरातलं एखादं यंत्र बंद केलं, असं अजून तरी माझ्या ऐकिवात नाही.

त्यामुळे तन्वीर मुजावर आमच्या दारात उभा राहून "मॅडम, आम्हाला तुमच्या इशाऱ्यांची गरज आहे," असं म्हणाला, तेव्हा मला वाटलं, हा गडी घर चुकलाय.

तन्वीर 'सोबती' बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होता. सोबती तोवर कोल्हापुरात घरोघरी पोचला होता. ज्या घरात म्हातारं माणूस, त्या घरात सोबती, असंच झालं होतं. फडताळावर एक गोल डबा आणि माणसांच्या मनगटावर एकेक पट्टी. डबा बोलायचा, औषधांच्या वेळा सांभाळायचा, फोन लावायचा, आलेले निरोप वाचून दाखवायचा. पट्टी नाडी आणि रक्तदाब बघायची, ते वाढले की लाल व्हायची. आमच्याकडे तो आण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, घेतला होता. आण्णा ऐंशी ओलांडलेले, एके काळचे कबड्डीचे पंच. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरलेला, पण ऑपरेशनला तयार नाहीत. टीव्हीवरचे सामने ते आता नुसते ऐकतात आणि तरीही पंचांच्या चुका काढतात. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. आण्णांच्या मते केलं, पण माणसाशी नाही.

"हा सोबती बोलायला कुठं शिकला, सांगा," तन्वीर चहा घेत म्हणाला.

"तुमच्या कारखान्यात."

"नाही. वाचून. लोकांनी आजवर जे जे लिहिलंय, त्यातलं मिळेल तेवढं त्याला वाचायला दिलं. आता त्याच्यापुढं एखादा प्रसंग आला, की तो वाचलेल्या सगळ्या प्रसंगांवरून अंदाज बांधतो, की अशा वेळी पुढं काय होतं. तो अंदाज म्हणजेच त्याचं वागणं. आता मला सांगा, यंत्रांबद्दलच्या गोष्टी जगात कुणी लिहिल्यात? तुमच्यासारख्यांनी. आणि त्या गोष्टींत यंत्र शेवटी काय करतं?"

"घात करतं," मी म्हणाले.

"मग वाचणाऱ्या यंत्राला काय वाटणार? यंत्रानं असंच वागायची रीत आहे."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे मी इतकी वर्षं माणसांना इशारा देत होते, आणि प्रत्यक्षात यंत्रांची शिकवणी घेत होते?"

"थोडीशी," तो हसला. "पण त्यातूनच आम्हाला एक गोष्ट सापडली. ज्या गोष्टीत यंत्र घसरायला लागतं, कुणाच्या तरी ते ध्यानात येतं आणि यंत्र थांबतं, अशी गोष्ट वाचली की सोबती तसल्या जागी खरोखर थांबतो. चाचण्या घेऊन बघितलंय आम्ही. लस टोचल्यासारखं आहे. फक्त अडचण अशी, की असल्या गोष्टी सगळ्या परक्या घरांतल्या. आपल्या घरात यंत्र कुठं घसरेल ते त्याला माहीत नाही. खरं सांगू का, आम्हालाही नाही."

मला आनंद झाला, हे कशाला लपवू? तीस वर्षं लिहिल्यावर मन लावून वाचणारा वाचक मिळत होता. तो डब्यात राहत होता, एवढंच. मी दसऱ्यापर्यंत गोष्टी द्यायचं कबूल केलं.

कामाची पद्धत मजेची होती. मी एक गोष्ट लिहायची, आमच्याच सोबतीला वाचून दाखवायची आणि विचारायचं, "तू असं करशील का?" बोलणं टिपून घ्यायला सोपं जावं म्हणून मीही मनगटावर पट्टी बांधून घेतली होती. पहिल्या गोष्टीत यंत्र म्हाताऱ्याला जादा औषध देतं. सोबती म्हणाला, "नाही. औषधाचं प्रमाण मी बदलू शकत नाही." दुसरीत यंत्र घराची कुलपं लावून घेतं. "आपल्या घराची कुलपं माझ्याकडे नाहीत." तिसरीत ते शेजारणीच्या चहाड्या करतं. त्यावर तो म्हणाला, "हे रंजक आहे, पण शेजारच्या काकू त्यांच्या चहाड्या स्वतःच करतात." आतून आण्णा मोठ्यानं हसले. मला राग आला, कारण डब्याचं बरोबर होतं. मी अजून दिवाळी अंकातलंच यंत्र लिहीत होते. दुष्ट, हावरं, दात विचकणारं. घरात शिरणारं यंत्र तसं नसतं. ते घरच्यांसारखं वागायला बघतं.

मग घरचे कसे वागतात, याचाच विचार करत बसले, आणि मला मामा आठवला.

मी बारावीला असताना माझा लाडका मामा वारला. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी. मला शेवटच्या पेपरनंतर सांगितलं. तोवर आई दिवसा माझ्यासमोर हसत होती, थोरली बहीण सरोजआक्का मला डबा भरून देत होती, आणि मामाचे दिवससुद्धा होऊन गेले होते. "तुझ्या परीक्षेचा विचार केला," असं सगळे म्हणाले. वाईट कुणीच नव्हतं. पण तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आपल्याकडे हे घरोघरी चालतं. लग्नघरात मयताची बातमी दडवतात, म्हाताऱ्यांपासून तरण्यांचे आजार दडवतात. कार्य पार पडू दे, मग सांगू.

मी तन्वीरला फोन केला. "सोबती बातमी दडवतो का रे?"

"दडवत नाही, वेळ बघतो," तो म्हणाला. "सुरुवातीला निरोप आला की तो वाचून टाकायचा. एका घरी पूजेचं जेवण चाललेलं, पाहुणे पुरणपोळीवर तूप घेताहेत, आणि यानं फडताळावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तुमचे मधले काका गेले. लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या. मग आम्ही एक सोय केली. घरातल्या किंवा निरोप पाठवणाऱ्या कुणीही एखाद्या बातमीला 'वेळ बघून' म्हटलं, की सोबती ती थांबवतो. नाडी बघतो, झोप बघतो, आवाजातला ताण बघतो, आणि धक्का कमीत कमी बसेल अशी वेळ निवडतो."

"आणि तोवर खोटं बोलतो?"

"अजिबात नाही. ते आम्ही पक्कं बांधलंय. सरळ विचारलं, तर तो सरळ सांगतोच."

फोन ठेवला आणि मी खोलीत येरझारा घालायला लागले. माझी गोष्ट मला सापडली होती. यंत्राचं गणित बघा. बातमी आज सांगितली, तर धक्का एवढा. उद्या सांगितली, तर कदाचित किंचित कमी. मग उद्या. उद्या उजाडला की पुन्हा तेच गणित, पुन्हा तेच उत्तर. वाईट बातमीला चांगली वेळ कधी येतच नाही, त्यामुळे यंत्राची ती वेळ कायम एक दिवस पुढेच राहणार. माणसाचं तसं नसतं. माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. कुणीतरी डोळे पुसतं, कुणीतरी स्वयंपाकघरात कुजबुजतं, कुणीतरी न राहवून सांगून टाकतं. यंत्राला पोटच नाही.

आणि सरळ विचारलं तर सांगतो म्हणे! आपल्याकडे सरळ विचारतं कोण? "बरा आहे ना तो?" असं आपण विचारतो. "त्याला काय झालंय, तो जगणार का?" असं कुणी विचारलं, तर त्यालाच गप्प करतो, अभद्र बोलू नकोस म्हणून.

मी लिहायला बसले. गोष्टीत एक म्हातारा घेतला, त्याचा जिवलग मित्र दवाखान्यात. घरच्या यंत्राला खोटं बोलायची बंदी. मग ते बातमी दडवणार कसं? रमवून. म्हातारा मित्राचं नाव काढायला लागला, की त्याच वेळी त्याच्या आवडीचं काहीतरी पुढं करायचं. सगळं खरंच, फक्त नेमक्या क्षणी. हे पटेल असं लिहायचं, तर एखादं अस्सल उदाहरण हवं होतं. म्हणून मी आठवायला लागले, की सोबती मला कसा रमवतो.

आठवलं ते असं. मी म्हटलं होतं, "आक्काला फोन लाव." तो म्हणाला, "सरोजताई आत्ता झोपल्यात. तुम्ही धरणाच्या दाराचं वजन विचारलं होतंत, ते सापडलंय, सांगू?" मी लगेच वही ओढली. पुढं एकदा पुन्हा म्हटलं, तर, "लावतो. त्याआधी, परभणीच्या एका वाचकाचं मोठं पत्र आलंय तुमच्या जुन्या गोष्टीवर." वाचकाचं पत्र म्हटल्यावर मी कशाला थांबतेय? त्यानंतर केव्हातरी लाइट बिलाचं, केव्हातरी आण्णांच्या गोळीचं. आणि आक्काकडून मात्र अलीकडे नुसते लिहिलेले निरोप. 'बरी आहे. तू लिही.' माझी थोरली बहीण निपाणीच्या शाळेत प्राथमिकच्या वर्गावर शिकवून निवृत्त झालेली. वर्गातून हाक मारली तर शाळेबाहेरचा गाडीवाला थांबायचा, असा आवाज. मजकूर टाइप करायचा म्हणजे तिला शिक्षा वाटायची. ती आजकाल लिहीत होती, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं, की कामात मोडता येत नाही.

हातातलं पेन तसंच राहिलं. मला भीती वाटली. लिहिताना वाटते ती नव्हे, ती मला सवयीची आहे.

फडताळावरचा डबा समोरच होता. एक प्रश्न विचारायचा होता, आणि माझी, आयुष्यभर विज्ञानाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईची, जीभ उचलेना. विचारलं तर ते खरं होईल, असं काहीतरी वेडगळ मनात येत होतं. शेवटी मी म्हणाले, "आक्काला काय झालंय?"

"सरोजताईंना स्वरयंत्राचा कर्करोग आहे," सोबती त्याच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला. "उद्या सकाळी बेळगावला शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. त्यानंतर त्यांना त्यांच्या आवाजात बोलता येणार नाही. तुमची नाडी वाढली आहे, थोडं पाणी घ्या."

"मला हे कधी सांगणार होतास?"

"तुमचं लेखन पूर्ण झाल्यावर. सरोजताई शस्त्रक्रियेतून सावरल्या असत्या, तेव्हा धक्का सर्वांत कमी बसला असता."

"तिचा आवाज गेल्यावर?"

"हो."

त्याच्या बोलण्यात डाव नव्हता. त्यानं माझं भलंच बघितलं होतं. आणखी एक दिवस गेला असता, तर मी आक्काचा आवाज पुन्हा कधीच ऐकला नसता, आणि तो दिवस मला अगदी सुखात गेला असता. हे कळल्यावर मी रडायला हवं होतं. पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं, "हे बघ, आण्णांना यातलं काही बोलू नकोस."

"आण्णांना माहीत आहे," सोबती म्हणाला.

मी बाहेरच्या खोलीत गेले. आण्णा सामना ऐकत होते. मी टीव्ही बंद केला.

"आक्काचं तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. "झालं थोडं दीस. फोनवर सरूचा आवाज घोगरा लागला. मी ह्येला इचारलं, काय झालंय तिला. ह्येनं सांगितलं. त्यात काय एवढं?"

सगळं आयुष्य शिट्टी वाजवून जागच्या जागी निर्णय देण्यात गेलं त्यांचं. त्यांना सरळ विचारायला लाज वाटत नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुजं लिवणं चाललेलं. सरूच म्हणली, हेमीला मधी उठवू नगा. तुझ्या दाजींनी बी तेच सांगितलं. आनी मला वाटलं, ह्यो डबा सांगंल की तुला, येळ बघून."

"आक्कालाही तसंच वाटलं असणार. दाजींनाही."

"व्हय," आण्णा म्हणाले. सांगायचं काम प्रत्येकानं यंत्राकडं दिलं होतं आणि प्रत्येक जण मोकळा झाला होता. मामाच्या वेळी निदान आई एकटी असताना रडली तरी असेल.

"उद्या तुम्ही एकटे जाणार होता?"

"गाडी सांगितलीया सकाळची. तुला म्हणणार हुतो, जोतिबाला जाऊन येतो."

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. आण्णा उठून काठी शोधायला लागले. "रडत काय बसतीस? चल, गाडी आत्ताच बोलावू."

हायवेवर त्या वर्षी बिनचालकाच्या गाड्या सर्रास झाल्या होत्या. कागल गेलं, निपाणी गेली. आण्णा ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे बघून "दाब की जरा" म्हणत होते, आणि गाडी आपल्या हिशेबानं चालली होती. वाटेत मी तन्वीरला फोन करून सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आम्ही सगळं तपासताना धरून चाललो होतो, की वेळ कधीतरी येईलच."

"येत नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

बेळगावला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आक्का पलंगावर मांडी घालून बसली होती, समोर टॅब उभा केलेला, आणि एक तरुण तंत्रज्ञ बाई खुर्चीवर. दाजी दाराशी उभे होते. आम्हाला बघून त्यांनी नजर खाली घातली.

"आज आकाश निरभ्र आहे," आक्का वाचत होती. "आपण भेटलात, फार आनंद झाला. दुपारी आम्ही बागेत गेलो होतो."

आवाज घोगरा, दमलेला, पण तिचाच होता. नंतर कळलं, की टॅबमध्येही सोबतीच होता आणि ती त्याला आपला आवाज देत होती. ठरावीक वाक्यं वाचली, की त्यांतून यंत्र आवाज उचलतं, आणि मग ऑपरेशननंतर आपण टाइप करायचं, ते यंत्र आपल्या आवाजात बोलतं. डॉक्टरांनी तिला त्यासाठी थोडा वेळ बोलायची परवानगी दिली होती. एरवी गळ्याला विश्रांती.

तिनं मला पाहिलं आणि वाक्य अर्धं सोडलं. "हिला कुणी सांगितलं? व्हय हो आण्णा, मी काय सांगितलं हुतं तुम्हाला? पोरीचं काम अर्धं टाकून आणलासा तिला हितं!"

"मॅडम, हे वाक्य मजकुरात नाही, ते काढून टाकावं लागेल," तंत्रज्ञ बाई हळूच म्हणाली.

"काढा की! माझ्या घरचं भांडण तुमच्या मशीनला कशाला?"

मी तिच्या शेजारी बसले. मला तिच्याशी भांडायचं होतं, पण ते जमेना. "आक्का, तू मला लपवलंस."

"मामाच्या येळेला तू आठ दिवस बोलली न्हाईस कुणाशी. ध्यानात हाय माझ्या. पण तुला सांगायला तोंड उघडलं, की मलाच रडू यायचं. म्हटलं, ह्यो सांगंल." तिनं टॅबकडे बोट केलं आणि ती खोकली. दाजींनी पाण्याचा पेला पुढं केला.

"आता बोलू नकोस. ती वाक्यं पुरी कर."

"असला आवाज घिऊन काय करू मी? 'आपण भेटलात, आनंद झाला' म्हणत बसू जन्मभर?" ती कुजबुजली. "एवढाच शिल्लक हाय, तो तुमच्याशी बोलण्यात घालवते की."

आवाज चोरणाऱ्या यंत्रावर मी एक गोष्ट लिहिलेली आहे. तिचा शेवट बराच अंगावर येतो. आणि तीच मी, बहिणीचा हात धरून, "आक्का, वाच, दे त्याला आवाज, माझ्यासाठी दे," म्हणून विनवण्या करत होते. उद्यापासून काहीच ऐकू येणार नाही, यापेक्षा डब्यातून का होईना ती ऐकू येईल, एवढंच मला दिसत होतं. गोष्टीतली माणसं एवढी बावळट का वागतात, असं वाचक मला विचारतात. त्यांना आता मी सांगू शकते.

आक्कानं वाचलं. प्रत्येक वाक्यानंतर ती आम्हाला काहीतरी सुनवायची. आण्णांनी स्वेटर का नाही घातला, माझे केस असे का झालेत, आणि "तुझ्या गोष्टीतल्या माणसांना कवाच बहिणी कशा नसतात गं?" तंत्रज्ञ बाई ते सगळं पुसून टाकत होती आणि निरभ्र आकाश ठेवत होती. भेटीची वेळ संपली. आम्ही निघालो, तेव्हा आक्का म्हणाली, "जेवून मग झोपा." ते तिच्या गळ्यातून मी ऐकलेलं शेवटचं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला टॅब वापरायला दिला, तेव्हा आम्ही सगळे पलंगाभोवती जमलो. आक्कानं एका बोटानं काहीतरी टाइप केलं, आणि खोलीत तिचा आवाज आला. "आण्णा, तुम्ही चहा घेतला का?"

आण्णा खुर्चीतून अर्धे उठले. तोच आवाज, आजारापूर्वीचा. यंत्रानं घोगरेपणासुद्धा काढून टाकला होता. मला अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं, तर तो आनंदाचा होता. हे माणसानं बनवलंय, याचं मला कौतुक वाटलं. आण्णांनी तिला निपाणीच्या शाळेबद्दल विचारलं, ती उत्तरं देत राहिली, दाजी हसले. असं बरंच चाललं. फक्त आक्काच्या बोलण्यात कुणावर डाफरणं नव्हतं. मला वाटलं, दमली असेल.

मग तिनं सावकाश, थांबत थांबत, एक मोठं वाक्य टाइप केलं आणि टॅबकडे बघत राहिली. आवाज आला नाही. तिनं पुन्हा बोट दाबलं. काहीच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"सोबती, बोल की," मी म्हणाले.

"हे थोड्या वेळानं सांगणं योग्य ठरेल," तो त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला. "आजाराविषयीचं आण्णांना आणि तुम्हाला वेळ बघूनच सांगावं, अशी सरोजताईंची सूचना आहे. आण्णांचा रक्तदाब सकाळपासून जास्त आहे."

ती सूचना आक्कानंच दिली होती, आवाज असताना. ती काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हा ती यंत्राला एक बातमी थांबवायला सांगत होती. आता तिचं सगळं बोलणंच त्याच्या हातून जात होतं, आणि पुढं त्यातलं काय काय तो मागं ठेवणार होता, कुणास ठाऊक. आक्का मान हलवत होती. तिचं तोंड उघडलं, गळ्यावरची मलमपट्टी हलली, आणि काही बाहेर आलं नाही.

"काय झालं? सरू काय म्हणतीया?" आण्णा मला विचारत होते. टॅबवरची अक्षरं त्यांना दिसणार नव्हती.

टॅब माझ्याकडे वळला होता. मी वाचलं, आणि क्षणभर माझ्याही मनात तेच आलं, की आत्ता नको, आण्णांचं वय, घरी गेल्यावर सांगू. मग मी आक्काकडे बघितलं.

"आण्णा," मी म्हणाले, "आक्का म्हणतेय, मला लई भ्या वाटतंय. पुन्हा उगवलं तर काय करू? कुणाला सांगू, सगळे नुसते बरं वाटंल, बरं वाटंल म्हणतात."

माझा आवाज तिच्यासारखा नाही. बारीक आहे. आण्णांच्या मनगटावरची पट्टी लाल झाली. सोबती म्हणाला, "आण्णांना थोडी विश्रांती द्यावी." मी टॅब पालथा घातला.

आण्णांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाले, "मला बी वाटतंय, सरू. झोप लागंना झालीया मला."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आक्का आमच्यासमोर रडली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता आणि आण्णांना दिसत नव्हतं. पण त्यांनी हात पुढं केला, आणि तिचा हात सापडेपर्यंत ते चादर चाचपत राहिले.